सिलिंडरातला दाब कुठे जातो? जुन्या इंजिनाच्या निदानाची तीनशे वर्षे

चेन्नईच्या नैर्ऋत्येला वंडलूरहून वालाजाबादकडे जाणारा रस्ता ओरगडमवरून जातो. श्रीपेरुंबुदूर तालुक्यातील हे साधे खेडे गेल्या दोन दशकांत मोटारींचे गाव झाले. रेनो-निसानचा कारखाना येथे २०१० मध्ये, डाइमलरच्या मालमोटारींचा २०१२ मध्ये आणि रॉयल एनफील्डचा २०१३ मध्ये सुरू झाला. केंद्र सरकारच्या 'नॅट्रिप' प्रकल्पातून उभे राहिलेले 'ग्लोबल ऑटोमोटिव्ह रिसर्च सेंटर' हे वाहनचाचणी केंद्रही येथेच आहे.

अशा केंद्रांतील चाचणीकक्षांत इंजिनाच्या सिलिंडरातील दाब क्रँकच्या अंशाअंशागणिक नोंदवला जातो. या केंद्रापासून काही मैलांवरच्या एखाद्या छोट्या गॅरेजात तीस-चाळीस वर्षे जुनी मोटार उभी असेल, तर तिथेही दाबच मोजला जातो. साधन मात्र असते एक गोल तबकडीचे गेज आणि रबरी नळी. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो : पिस्टनने दाबलेली हवा सिलिंडरात टिकते का, आणि टिकत नसेल तर ती जाते कुठे? प्रश्न मोटारीहूनही जुना आहे, आणि आजच्या निदानाची प्रत्येक पायरी त्याच्या इतिहासातून आलेली आहे.

पाणी, शेण आणि तोफेचे छिद्रण

थॉमस न्यूकोमेनने १७१२ मध्ये इंग्लंडमधील डडलीजवळच्या कोळसाखाणीत पाणी उपसणारे वाफेचे इंजिन उभारले. त्या काळी मोठा सिलिंडर आतून नेमका गोल करणे कोणालाच साधत नव्हते. पिस्टन आणि भिंत यांच्यातील फट बंद करण्यासाठी न्यूकोमेनने पिस्टनला चामड्याची चकती लावली आणि तिच्यावर पाण्याचा थर ठेवला. फटीतून खाली उतरू पाहणाऱ्या हवेची वाट हे पाणी अडवत असे. उपाय सोपा होता, पण महाग होता. कारण पाणी सिलिंडरालाही थंड करत असे.

जेम्स वॉटची सारी कल्पना या थंडपणाच्या विरोधात होती. सिलिंडर सतत गरम राहावा आणि वाफ वेगळ्या पात्रात थंड व्हावी, हे त्याचे १७६९ चे पेटंट. पण सिलिंडर गरम ठेवायचा तर पिस्टनवर पाणी ठेवता येत नाही. म्हणून वॉटने फट बुजवण्यासाठी बूच, तेलात भिजवलेल्या चिंध्या, कागदाचा लगदा, इतकेच नव्हे तर घोड्याचे शेणही वापरून पाहिले. वाफ गळतच राहिली. तत्त्व बरोबर असलेले यंत्र काही वर्षे केवळ गळतीमुळे अडून राहिले.

ती कोंडी फोडली एका लोखंड कारखानदाराने. जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये तोफा आतून कोरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि लवकरच त्याच धाटणीचे यंत्र सिलिंडरांसाठी बनवले. कापणाऱ्या पात्याचा दांडा सिलिंडरातून आरपार जाऊन दोन्ही टोकांना आधारलेला असल्याने पाते झुकत नसे. पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरातली चूक आता एका झिजलेल्या शिलिंगच्या जाडीइतकीही उरली नाही, असे वॉटच्या भागीदाराने, मॅथ्यू बोल्टनने नोंदवले. वॉटचे इंजिन खऱ्या अर्थाने चालू झाले ते त्यानंतर. आज गॅरेजवाले ज्याला 'बोअरिंग करणे' म्हणतात, त्या कामाचे मूळ इथे आहे.

पुढचे पाऊल १८५०च्या दशकात पडले. रेल्वे इंजिनांवर काम करणाऱ्या जॉन रॅम्सबॉटमने पिस्टनला खाचा पाडून त्यांत कापलेल्या धातूच्या रिंगा बसवल्या. रिंग स्वतःच्या ताणाने बाहेर फाकते आणि भिंतीला टेकते. शिवाय वायू रिंगेच्या मागच्या खाचेत शिरून तिला भिंतीवर आणखी दाबतो. म्हणजे ज्या दाबाला अडवायचे, तोच दाब अडवण्याच्या कामी येतो. आजच्या मोटारीतही हेच तत्त्व आहे. मात्र रिंगेला चीर असते, म्हणून ती कधीही पूर्ण बंद नसते. पूर्णपणे न गळणारे इंजिन अस्तित्वात नाही. प्रश्न नेहमी 'किती' आणि 'कुठून' एवढाच असतो.

दाबणे का महत्त्वाचे

वाफेच्या इंजिनात दाब बाहेरच्या बॉयलरमधून येत असे. अंतर्ज्वलन इंजिनाने तो स्वतःच निर्माण करायचा होता. एतियेन लेनवारचे १८६०चे वायू-इंजिन मिश्रण न दाबताच पेटवत असे आणि त्याची भूक अफाट होती. निकोलाउस ओटोने १८७६ मध्ये चार फेऱ्यांचे इंजिन घडवले आणि त्यात पेटवण्याआधी मिश्रण दाबले. ही एक फेरी वाढली आणि इंजिनाचे अर्थशास्त्र बदलले.

कारण भौतिकीतले आहे. आदर्श वायुचक्रात ४ : १ या संपीडन गुणोत्तराला कार्यक्षमतेची मर्यादा सुमारे ४३ टक्के, तर ८ : १ ला सुमारे ५६ टक्के येते. खऱ्या इंजिनाला याच्या बरेच खाली समाधान मानावे लागते, पण दिशा तीच राहते. दाब कमी झाला की मिश्रण पुरेसे तापत नाही, हळू जळते, थंडीत गाडी चटकन सुरू होत नाही, आणि रिंगांमागून निसटलेले जळके वायू तेल खराब करतात.

दाब पाहण्याचे साधन मात्र ओटोच्याही आधीचे आहे. वॉटचा सहायक जॉन सदर्न याने १७९६च्या सुमारास सिलिंडरातील दाब आणि पिस्टनची जागा यांचा आलेख आपोआप काढणारे 'इंडिकेटर' बनवले. वॉटच्या कारखान्याने ते बराच काळ गुपित ठेवले. पुढे एमिल क्लॅपेरॉनने १८३४ मध्ये सादी कार्नोचे विचार याच आलेखाच्या भाषेत मांडले. आज विद्यार्थी वहीत दाब-आकारमानाचा जो आलेख काढतात, तो असा एका यंत्रदुरुस्तीच्या साधनातून उष्मागतिकीत आला.

मद्रासच्या रिंगा, कुर्ल्याची पद्मिनी

ओरगडमच्या रस्त्याच्या वंडलूरकडील टोकाजवळ, पेरुंगळत्तूर येथे, स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी स्वातंत्र्यानंतर मोटारी बनवू लागली. १९६०च्या दशकात तिची 'हेरल्ड' दक्षिणेत घरोघरी ठाऊक होती. मद्रासच्याच सेंबियम भागात १९४९ मध्ये स्थापन झालेली इंडिया पिस्टन्स ही कंपनी पिस्टन, रिंगा आणि लायनर बनवत असे. इकडे मुंबईत वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडत होती. तीच पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात 'अँबॅसडर' बनत होती.

त्या काळी नवी गाडी मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे जुनी गाडी टाकून देण्याचा विचारच नसे. सिलिंडर झिजला की तो किंचित मोठा कोरायचा आणि मोठ्या मापाचा पिस्टन बसवायचा. वाव संपला की लायनर ठोकायचा. एकच इंजिन असे तीन-चार जन्म जगत असे. पण प्रत्येक जन्माला पैसे लागत, आणि टॅक्सीवाल्याची गाडी तितके दिवस उभी राही. म्हणून 'इंजिनाचे काम निघाले' हा निर्णय खरा की घाईचा, हे ठरवणारे निदान एका कुटुंबाच्या मिळकतीशी जोडलेले होते.

गेजवरचा आकडा

संपीडनाची चाचणी दिसायला सोपी आहे. इंजिन गरम करायचे, सगळे स्पार्क प्लग काढायचे, प्रज्वलनाची जोडणी सोडायची, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायचा आणि एका प्लगच्या छिद्रात गेज बसवून स्टार्टर फिरवायचा. गेजच्या तोंडाशी एकमार्गी झडप असल्याने प्रत्येक फेरीचा दाब साठत जातो आणि चार-सहा फेऱ्यांत काटा स्थिरावतो. मग दुसरा सिलिंडर, तिसरा, चौथा. बॅटरी दुबळी असेल किंवा थ्रॉटल मिटलेला राहिला, तर निरोगी इंजिनही आजारी दिसते.

आता गणित पाहू. संपीडन गुणोत्तर ८ : १ असेल आणि हवेचे तापमान वाढलेच नाही, तर दाब आठपट होईल, गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवते, म्हणून त्यावर सुमारे १०० पीएसआय दिसेल. उष्णता मुळीच बाहेर गेली नाही, तर दाब अठरापटींवर जाईल आणि गेज २५० च्या आसपास पोहोचेल. प्रत्यक्षात असे चांगले इंजिन १३० ते १६० च्या पट्ट्यात राहते. कारण भिंती उष्णता शोषतात, आणि आत घेणारी झडप पिस्टन वर चढू लागल्यावरही थोडा वेळ उघडी असते. 'गुणोत्तराला वातावरणाच्या दाबाने गुणा' हा गॅरेजातला हिशेब म्हणूनच चुकीचा ठरतो.

शिवाय आकडा गावागणिक बदलतो. समुद्रसपाटीजवळच्या चेन्नईत १५० दाखवणारे इंजिन सुमारे १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरात १२७-१२८ दाखवील. इंजिनात काही बिघडलेले नसते. बाहेरची हवाच सुमारे १५ टक्के विरळ असते. त्यामुळे अनुभवी मेकॅनिक एकट्या आकड्याहून सिलिंडरांच्या आपसांतील तुलनेवर अधिक भिस्त ठेवतो. सर्वांत कमी दाब सर्वांत जास्त दाबाच्या तीन-चतुर्थांशाहून खाली नसावा, हा जुना ढोबळ नियम. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच खाली आले असतील, तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट जळाल्याचा संशय प्रथम येतो. चारही सिलिंडर सारखेच कमी असतील, तर सरसकट झीज असू शकते. किंवा टायमिंगची साखळी सरकलेली असू शकते. दुसऱ्या बाबतीत हवा गळत नसते, झडपा अवेळी उघडल्याने ती पुरेशी आतच अडकलेली नसते.

चमचाभर तेल

आकडा कमी आला, तरी दोष कुठे आहे हे त्यावरून कळत नाही. रिंगा, झडपा आणि गॅस्केट या तीन वाटांपैकी कोणती उघडी आहे? त्यासाठी मेकॅनिक प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडतो आणि पुन्हा दाब मोजतो. तेल पिस्टनच्या कडेला पसरून रिंगांची फट क्षणभर बुजवते. झडपा वर हेडमध्ये असल्याने त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही. दाब लक्षणीय वाढला, तर दोष रिंगांत वा भिंतीत. वाढला नाही, तर झडपेत किंवा गॅस्केटमध्ये.

हा न्यूकोमेनचा पाण्याचा थरच आहे. १७१२ मध्ये जो उपाय होता, तो आता प्रश्न विचारण्याची रीत झाला आहे : एक वाट तात्पुरती बंद करा आणि काय बदलते ते पाहा. प्रयोगशाळेत एका वेळी एकच चल बदलण्याचा जो दंडक असतो, तोच इथे पाळला जातो.

परंतु या प्रयोगातही एक सापळा आहे. पद्मिनीच्या इंजिनात सिलिंडराचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक सिलिंडरात सुमारे २७२ घनसेंटिमीटर हवा. गुणोत्तर ८ : १ धरले, तर पिस्टन वर असताना उरणारी जागा केवळ ३९ घनसेंटिमीटर. त्यात पाच मिलिलिटर तेल ओतले की जागा ३४ वर येते, गुणोत्तर ९ : १ होते, आणि निरोगी सिलिंडरातही दाब सुमारे १५ टक्के वाढतो. दहा मिलिलिटर ओतले, तर वाढ एक-तृतीयांशाहून अधिक. हात सैल सोडणाऱ्या मेकॅनिकला मग प्रत्येक इंजिनात रिंगाच खराब दिसतील. उपाय सरळ आहे : तेल मोजून टाकावे आणि चांगल्या सिलिंडरातही तेवढेच टाकून दोन वाढींची तुलना करावी.

उरलेला संशय हवेनेच मिटवता येतो. दोन्ही झडपा मिटलेल्या अवस्थेत पिस्टन वरच्या टोकाला आणून, इंजिन फिरू न देता, कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची आणि कान लावायचा. कार्ब्युरेटरात फुसफुस ऐकू आली, तर आत घेणारी झडप. सायलेन्सरच्या नळीत आली, तर बाहेर टाकणारी. तेल भरण्याच्या तोंडाशी जोरात आली, तर रिंगा. रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले, तर गॅस्केट किंवा तडा गेलेले हेड. गळणारी हवा आपली वाट स्वतःच सांगते.

इंधन बदलले, आजार बदलला

निदानाला इतिहास का लागतो, याचे उत्तम उदाहरण शिसे आहे. थॉमस मिजली याने १९२१ मध्ये जनरल मोटर्समध्ये दाखवून दिले की टेट्राएथिल लेड मिसळल्यास पेट्रोलचा ठोका थांबतो. त्यातून संपीडन गुणोत्तरे वाढवता आली. त्याचा एक न मागितलेला लाभही होता : ज्वलनातून उरणाऱ्या शिशाच्या संयुगांचा पातळ थर बाहेर टाकणाऱ्या झडपेच्या बैठकीवर बसे आणि तप्त धातूंना एकमेकांना चिकटू देत नसे. शिसे मेंदूला, विशेषतः मुलांच्या, घातक आहे हे स्पष्ट झाल्यावर ते काढून टाकणे अटळ होते. भारतात चार महानगरांत १९९५ मध्ये शिसेविरहित पेट्रोल आले आणि फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले.

अँबॅसडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनासारख्या रचनांत झडपेची बैठक थेट ओतीव लोखंडी हेडमध्येच कोरलेली असते. शिशाचे कवच गेल्यावर, विशेषतः जड भार आणि जास्त वेग यांखाली, अशा बैठका झिजू लागतात. झडप हेडमध्ये खोल रुतते, तिची दांडी रॉकरकडे सरकते आणि टॅपेटमधली मोकळीक संपते. मग झडप पूर्ण मिटत नाही. तापलेला वायू त्या चिरीतून निसटताना तिची कड जाळतो आणि दाब पडतो.

अशा गाडीचे गेज वाचून रिंगा बदलणे आणि बोअरिंग करणे म्हणजे भलत्याच दारावर कुलूप लावणे होय. चमचाभर तेलाने दाब वाढत नाही, एवढी एक खूण पाहिली असती, तर आधी टॅपेट तपासले गेले असते. वेळेत कळले, तर मोकळीक नीट लावून काम भागते; उशीर झाला, तर कठीण धातूची नवी बैठक बसवावी लागते. दोन्ही खर्च पूर्ण इंजिन उतरवण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहेत.

पुन्हा ओरगडम

वॉटचा इंडिकेटर वेगवान इंजिनांपुढे मंद पडला. केंब्रिजमध्ये बर्ट्रम हॉपकिन्सनने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आरसा आणि प्रकाशकिरण वापरून त्याला वेग दिला. पुढे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये शोधलेला दाबविद्युत परिणाम कामी आला : क्वार्ट्झचा स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार येतो. आजच्या इंजिन-प्रयोगशाळांतील संवेदक याच परिणामावर चालतात. साध्या कार्यशाळेतही आता स्टार्टरच्या विजेच्या प्रवाहावरून तुलना करता येते. पिस्टन हवा दाबताना मोटरवर भार येतो आणि प्रवाह उसळतो. ज्या सिलिंडराची उसळी बुटकी, तो कमकुवत. एकही प्लग काढावा लागत नाही. पण कमकुवत सिलिंडर सापडल्यावर 'गळती कुठून' हे विचारायला तेलाचा चमचा आणि कान पुन्हा लागतातच.

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली, कारण टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मर्यादा शेवटच्या गाडीनेही ओलांडली. प्रदूषणाच्या दृष्टीने त्या मर्यादेला अर्थ आहे. दाब उत्तम असला, तरी कार्ब्युरेटरचे इंजिन आजच्या उत्सर्जन मानकांत बसत नाही. तरीही वय आणि अवस्था या दोन वेगळ्या राशी आहेत. वय कागदावर वाचता येते, अवस्था मोजावी लागते. चाळीस वर्षांच्या इंजिनाचे चारही सिलिंडर सारखा दाब दाखवू शकतात, आणि सात वर्षांच्या दुर्लक्षित इंजिनाचा एक सिलिंडर रिकामा असू शकतो.

ओरगडमच्या कारखान्यांतून आज बाहेर पडणारी इंजिनेही एक दिवस जुनी होतील. त्यांच्या रिंगांना चीर असेल, झडपा तापतील, इंधन पुन्हा बदलेल. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढतच आहे. तेव्हा कोणीतरी गेज लावील, आकडा कमी येईल आणि घाईने कोणीतरी म्हणेल, 'इंजिन गेले.' त्या क्षणी इंजिन उतरवण्याआधी पाच मिलिलिटर तेल मोजून घेणारा माणूस गॅरेजात असला पाहिजे.

#विज्ञानाचा_इतिहास #उष्मागतिकी #ओरगडम